हात पसरणे आणि हकिकत सांगणे



आपल्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबांचे कुणी ना कुणी आज अमेरिकेत किंवा कॅनडात आहे. त्यांच्याकडून फोटो येतात, नाताळला फोन येतात आणि कधी कधी असे प्रश्नही येतात की ज्यांचे उत्तर घरातल्या मोठ्या माणसांनाही पटकन देता येत नाही. अशाच एका घरातून आलेला प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवत आहोत. नावगाव सांगण्याची गरज नाही. हा प्रश्न कुणाच्याही घरचा असू शकतो.

मुलगी तिकडे बारावी झाली. वडील गोदामात कामाला, आई वृद्धाश्रमात मदतनीस. कुटुंबाकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणून मुलीला सरकारी मदतीसाठी अर्ज करता आला. या अर्जाला तिकडे ‘फाफ्सा’ म्हणतात. आईवडिलांचे उत्पन्न पाहून सरकार ‘पेल ग्रँट’ नावाचे अनुदान देते आणि ते परत फेडावे लागत नाही. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती. हे अनुदान, राज्याची थोडी मदत, विद्यापीठाची थोडी सवलत असे जुळवत शिकवणीच्या फीचा प्रश्न सुटला. घरात आनंदीआनंद झाला. मग पत्र आले, की जूनमध्ये दोन दिवसांचे ओरिएंटेशन आहे, त्याला यावेच लागेल आणि मुलीची फी अडीचशे डॉलर. सोबत आई किंवा वडील येणार असतील तर त्यांची वेगळी. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, की ज्यांना ही फी परवडत नसेल त्यांनी कार्यालयाशी संपर्क साधावा.

वडील म्हणाले, “एवढ्यासाठी हात पसरायचा नाही. मी जास्तीच्या पाळ्या करीन.” आईने इकडे आपल्या भावाला फोन करून विचारले, की असे मागण्यात खरेच काही कमीपणा आहे का? आणि त्या मामाने तो प्रश्न आमच्याकडे आणला.

ओरिएंटेशन म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे. आपल्याकडे कॉलेजचा पहिला दिवस म्हणजे सभागृहात प्राचार्यांचे भाषण, एक गुलाबाचे फूल आणि वेळापत्रकाचा कागद, एवढीच आपली कल्पना असते. अमेरिकेत बहुतेक विद्यापीठांचे वर्ग ऑगस्टच्या सुमारास सुरू होतात, पण नव्या मुलांना जून-जुलैतच एक-दोन दिवसांसाठी बोलावले जाते. मुले वसतिगृहात एखादी रात्र राहतात, ओळखपत्र काढतात, ग्रंथालय, दवाखाना, भोजनगृह पाहून घेतात. मुख्य काम म्हणजे सल्लागाराबरोबर बसून पहिल्या सत्राचे विषय ठरवणे. आपल्यासारखे ‘सायन्सला घातले की विषय आपोआप ठरले’ असे तिथे नसते. प्रत्येक मुलाने आपले विषय आणि तास स्वतः निवडायचे असतात. अनेक विद्यापीठे ओरिएंटेशनला हजर राहिल्याखेरीज विषयांची नोंदणीच करू देत नाहीत. जो उशिरा पोहोचतो त्याला उरलेसुरले तास घ्यावे लागतात, एक सकाळी आठचा तर दुसरा संध्याकाळी सहाचा. नोकरी करून शिकणाऱ्या मुलाचे त्यात हाल होतात. म्हणजे ज्याला ती फी जड जाते, त्यालाच ते दोन दिवस सर्वांत जास्त हवे असतात.

फीचे म्हणाल तर काही ठिकाणी ती नसतेच, काही ठिकाणी वर्षाच्या बिलात मिसळलेली असते, कुठे शे-दोनशे डॉलर असते तर कुठे त्याहून अधिक. अडीचशे डॉलर म्हणजे आपले वीस हजार रुपयांच्या वर. पण रुपयांत मोजून नीट अंदाज येत नाही. तिकडच्या मजुरीत मोजावे. अमेरिकेचे केंद्रीय किमान वेतन २००९ सालापासून तासाला सव्वासात डॉलर आहे. अनेक राज्यांत ते यापेक्षा जास्त आहे हे खरे, पण केंद्रीय दराने हिशेब केला तर अडीचशे डॉलर म्हणजे चौतीस तासांहून अधिक काम, तेही कर कापण्याआधी. वडील ‘जास्तीच्या पाळ्या’ म्हणाले त्या चार पाळ्या झाल्या.

एवढीशी रक्कम कुणाचे शिक्षण अडवते का, असे एखाद्याला वाटेल. अडवते. बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज या दोन अमेरिकन संशोधकांनी या विषयावर पुष्कळ काम केले आणि २०१४ साली त्यांचे पुस्तकही निघाले. ज्यांना कॉलेजला जायचे आहे, ज्यांचा प्रवेशही झाला आहे, अशी मुले मधल्या उन्हाळ्यात गळतात आणि पहिल्या दिवशी वर्गात दिसतच नाहीत, असे त्यांना आढळले. तिकडे याला ‘समर मेल्ट’ म्हणतात, म्हणजे उन्हाळ्यात वितळून जाणे. ठिकठिकाणी हे प्रमाण दहापासून चाळीस टक्क्यांपर्यंत असल्याचा त्यांचा अंदाज आहे आणि कमी उत्पन्नाच्या घरांत ते अधिक आहे. यामागे एखादे मोठे संकट असतेच असे नाही. जागा राखून ठेवण्याची अनामत, वसतिगृहाची अनामत, लसीकरणाचे कागद, आरोग्य विम्याचा फॉर्म, ओरिएंटेशनची फी असे एकामागून एक येत राहते. शाळा संपलेली असते, कॉलेज सुरू झालेले नसते आणि विचारायला कुणी नसते. घरात कॉलेज पाहिलेले माणूस नसेल तर मूल गप्प बसते. गप्प बसलेल्या मुलाची तारीख निघून जाते.

आता वडिलांच्या बोलण्याकडे येऊ. ते बोलणे आम्हाला हलके वाटत नाही. ते आपल्या मातीतले बोलणे आहे. भल्या पहाटे डोक्यावर टोपल्या घेऊन गाडी पकडणाऱ्या, भाजी आणि फुले दादरच्या बाजारात विकून मुलांना शिकवणाऱ्या आयाबायांची ही लेकरे. ‘आम्ही कुणाच्या दारात उभे राहिलो नाही’ हे वाक्य आपल्या कितीतरी घरांत अभिमानाने सांगितले जाते आणि ते सांगण्याचा त्या घरांना अधिकार आहे. जो माणूस ऊठसूट मागत नाही तो आपल्या श्रमाची किंमत जाणतो. त्याला ‘अहो, त्यात काय एवढे’ असे म्हणून चालणार नाही.

परंतु हा अभिमान कुठे उपयोगी पडतो आणि कुठे नडतो, हेही पाहिले पाहिजे. सॅम्युअल जॉन्सन या थोर इंग्रज लेखकाची एक हकिकत त्याचा चरित्रकार बॉस्वेल याने नोंदवून ठेवली आहे. १७२८ साली जॉन्सन ऑक्सफर्डला शिकायला गेला. बुद्धी अफाट, पण खिसा रिकामा. बूट इतके फाटले होते की त्यांतून पायाची बोटे दिसत. शेजारच्या कॉलेजातील एका मित्राकडून तो व्याख्यानांचा सारांश ऐकायला जाई. तिथल्या मुलांची नजर आपल्या बुटांवर जाते हे ध्यानात येताच त्याने तिकडे जाणे बंद केले. कुणा भल्या माणसाने रात्री त्याच्या दाराशी नव्या बुटांचा जोड आणून ठेवला. जॉन्सनने तो संतापून फेकून दिला. पुढे पैशांअभावी त्याला पदवी न घेताच ऑक्सफर्ड सोडावे लागले. त्याने लिहिलेला इंग्रजी शब्दकोश १७५५ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ऑक्सफर्डने त्याला सन्मानाने एम. ए. दिली. पण सगळेच काही जॉन्सन नसतात, हे आपण विसरू नये. बूट फेकून देणाऱ्या इतर मुलांचे चरित्र लिहायला कुणी बॉस्वेल नव्हता.

जॉन्सनला राग का आला असेल? आमच्या मते त्या बुटांमागचा हात त्याला दिसत नव्हता, त्याला कुणी विचारले नव्हते आणि ‘तुझी दशा आम्ही पाहिली आहे’ एवढेच ते बूट सांगत होते. ती दया होती. चांगल्या मनाने केलेली, पण दयाच. विद्यापीठाच्या पत्रातील ती तळाची ओळ मात्र वेगळ्या जातीची आहे. फी विद्यापीठाने ठरवली. ती सर्वांना परवडणार नाही हे विद्यापीठानेच मान्य केले आणि त्यासाठी नियम केला. त्या मुलीची परिस्थिती मात्र ओरिएंटेशनच्या कार्यालयाला ठाऊक असेलच असे नाही. अनुदानाचे कागद एका विभागात असतात, ओरिएंटेशनचे दुसऱ्या विभागात. काही विद्यापीठांत पेल ग्रँट मिळणाऱ्यांची ही फी आपोआप माफ होते, पण इतर ठिकाणी विद्यार्थ्याने कळवावे लागते. कळवले नाही तर माफी नाही.

म्हणून आम्हाला मागणे या शब्दापेक्षा सांगणे हा शब्द इथे जवळचा वाटतो. आपण ‘अर्ज’ म्हणतो तो शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ पुढे मांडणे, सादर करणे असा आहे. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्यापुढे आपली हकिकत मांडायची. हात पसरण्याचा अर्थ त्याला पुढे चिकटला, आपल्या कचेऱ्यांच्या कृपेने.

ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीतही याला आधार आहे. माणसाजवळ गरजेपेक्षा जे अधिक आहे ते गरजवंताच्या उपयोगी पडण्यासाठी आहे आणि निसर्गनियमानेच ते त्याला देणे लागते, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मांडले. मात्र गरजवंत पुष्कळ असल्यामुळे कुणाला, कसे द्यायचे याची व्यवस्था त्यांनी ज्याच्या हाती ते आहे त्याच्यावर सोपवली. हे दुसरे वाक्य आपण प्रवचनात फारसे ऐकत नाही, पण ते महत्त्वाचे आहे. व्यवस्था करणाऱ्याला गरज कळलीच नाही तर तो व्यवस्था कशी करणार? तेव्हा गरजवंताकडेही एक काम येते, आपली गरज कळवण्याचे.

तर मामाला आम्ही सांगितले ते असे. मुलीने स्वतः लिहावे, वडिलांनी नव्हे. प्रवेश तिचा आहे. पत्र चार-पाच ओळींचे असावे. नाव, विद्यार्थी क्रमांक, ओरिएंटेशनची तारीख, आपल्याला पेल ग्रँट मंजूर झाली आहे हे एक वाक्य आणि फी माफ होऊ शकेल का अशी साधी विचारणा. सोबत अनुदानाच्या पत्राची प्रत. घरच्या दुःखाची कहाणी नको, वडिलांच्या पाठदुखीचे वर्णन नको, ‘आपले उपकार जन्मभर विसरणार नाही’ हेही नको. पालकांची फी माफ होते का, आणि होत नसेल तर पालक न येता मुलीने एकटीने आले तर चालते का, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे. आणि हे सर्व तारखेच्या आधी करावे; तारीख उलटल्यावर खरी गरजही सबबीसारखी दिसते.

इथवर सोपे होते. कठीण भाग पुढे आहे.

माफ झालेली फी हवेत विरून जात नाही. जेवण, वसतिगृहाची रात्र, सल्लागारांचा वेळ यांना पैसे पडतातच. ते कुठून तरी भरून काढावे लागतात, कधी विद्यापीठाच्या अंदाजपत्रकातून, कधी फी भरणाऱ्या इतरांच्या पैशांतून. त्या इतरांतही काठावरची कुटुंबे असतात. मग ज्याला ओढून-ताणून का होईना, फी भरणे शक्य आहे त्याने माफी मागावी का? आपल्या वडिलांच्या चार पाळ्या त्यांना शक्य आहेत. मग ते करतात ते अधिक चांगले नाही का?

आम्ही यावर बराच विचार केला. आमचे मत असे, की ‘भरता येईल का’ हा प्रश्न अपुरा आहे. गरीब माणसाला जवळजवळ प्रत्येक गोष्ट एकेकटी पाहिली तर भरता येते. मग दुसरे काहीतरी राहून जाते. म्हणून विचारायचे ते हे, की ही फी भरली तर काय राहून जाईल? धाकट्याच्या दातांचा इलाज पुढे जाणार असेल, भाड्याला उशीर होणार असेल, वडील रात्रपाळ्या करून आजारी पडणार असतील, तर गरज खरी आहे आणि कळवण्यात संकोच नको. नवा मोबाइल किंवा मे महिन्यातली सहल राहून जाणार असेल, तर फी भरावी. एवढा हिशेब घरात जेवणाच्या टेबलावर बसून करता येतो आणि तो मुलांच्या देखत करावा असे आम्हाला वाटते. ‘पैशांचे तू बघू नकोस, तू फक्त अभ्यास कर’ असे म्हणत वाढवलेली मुले पुढे पैशांविषयी एक तर घाबरतात किंवा बेफिकीर होतात.

हे सर्व ग्रीन कार्ड असलेल्या कुटुंबाविषयी झाले. आपल्याकडून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. त्यांना ही सरकारी मदत मिळत नाही. उलट व्हिसा मिळण्याआधीच त्यांना निदान पहिल्या वर्षाचा खर्च भागेल एवढे पैसे आपल्याजवळ आहेत, असे कागदोपत्री दाखवावे लागते. हे पैसे कसे दाखवले जातात हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. काकांकडून चार लाख, मावशीकडून दोन लाख, पतपेढीचे कर्ज; काही महिने खात्यात ठेवायचे, बँकेचा दाखला घ्यायचा आणि ज्याचे त्याला परत करायचे. मूल तिकडे पोहोचते तेव्हा कागदावर ते सधन असते आणि खिशात मात्र मोजके पैसे असतात. मग तिथे ‘आर्थिक अडचणीमुळे फी माफ करावी’ असे लिहिण्याची पाळी येते. पहिल्या कागदावर एक, दुसऱ्यावर त्याच्या उलट.

अशा मुलाने काय करावे? ज्या घरात खरोखर कर्ज काढून किंवा जमीन गहाण ठेवून पैसे उभे केले आणि ते तसेच दाखवले, तिथे काही खोटे नाही. पैसे होते, ते शिकवणीला लागले, आता चणचण आहे, असे त्याने खुशाल लिहावे. नाही म्हटले तर नाही. पण जिथे पैसे केवळ दाखवण्यापुरते होते, तिथे तो मुलगा दोन्हीकडून अडकतो. खरे सांगावे तर पहिला कागद खोटा ठरतो, गप्प राहावे तर उपाशी राहतो. त्या वीस वर्षांच्या मुलाला दोष देण्याआधी ज्या वडीलधाऱ्यांनी ‘सगळेच असे करतात’ म्हणून त्याला त्या खात्यावर सही करायला लावली, त्यांनी आपला वाटा तपासावा. परदेशी शिक्षणाचा सल्ला देणारे एजंट हे उघडपणे शिकवतात आणि आपण त्यांना फी देतो.

आणि याच्या उलटही आपल्या गावात घडते, ते का झाकावे? तिकडे श्रीमंतीचा खोटा दाखला, इकडे गरिबीचा. तहसीलदार कचेरीतून मिळणारा उत्पन्नाचा दाखला हा आपल्याकडच्या बहुतेक शैक्षणिक सवलतींचा पाया असतो. घराच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या असतात, आखातातून मुलाचे पैसे येत असतात, अंगणात गाडी उभी असते आणि दाखल्यावरचे उत्पन्न मात्र मर्यादेच्या थोडेसे खाली बसते. असा दाखला मिळवणारा माणूस रविवारी आपल्या शेजारच्या बाकावर बसलेला असतो. ‘सरकारचे पैसे आहेत, कुणाचे काय जाते?’ असे तो म्हणतो. कुणाचे काय जाते ते एका उदाहरणाने पाहू. एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांत मंजूर जागांच्या पाच टक्के जास्तीच्या जागा शिकवणी-फी माफीच्या असतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असावे लागते आणि मग गुणांप्रमाणे जागा दिल्या जातात. साठ मुलांच्या वर्गाला अशा जागा तीन. तिघांतला एक जण खोट्या दाखल्यावर बसला तर चौथ्या क्रमांकाचे मूल बाहेर राहते. त्या मुलाचा चेहरा आपल्याला दिसत नाही, एवढाच काय तो आडोसा.

वडिलांना जी लाज फॉर्म भरण्याची वाटली, ती खरे तर इथे वाटायला हवी होती. आपली लाज भलत्या जागी बसली आहे असे आम्हाला राहून राहून वाटते.

मागणाऱ्याविषयी पुष्कळ बोललो. थोडे देणाऱ्याविषयीही बोलले पाहिजे, कारण मागण्याची लाज आभाळातून पडत नाही. देणारे ती तयार करतात. आयझॅक न्यूटन १६६१ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला तो ‘सबसायझर’ म्हणून. घरची शेतीवाडी चांगली असतानाही आईने त्याला याच वर्गात घातले. या वर्गातील मुलांना फीमध्ये सवलत मिळे, पण मोबदल्यात त्यांना इतरांची हलकी कामे करावी लागत आणि वरिष्ठांच्या पंक्ती उठल्यावर जेवावे लागे. कोण सवलतीवर शिकतो आहे हे साऱ्या कॉलेजला दिसत असे. आपल्याकडे वार लावून जेवून शिकलेल्यांच्या आठवणीतही हीच बोच आहे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, आणि प्रत्येक घरच्या माणसाच्या कपाळावरची आठी लक्षात ठेवून खाली मान घालून जेवायचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ ही वाट दाखवली, तिचे मोठेपण इथे कळते. मुलाने काम केले, शिकला. मान खाली घालण्याचे कारण उरले नाही. पण कामही सर्वांना सारखे असेल तरच. फक्त गरिबाने झाडू मारायचा असेल तर आपण पुन्हा ट्रिनिटीत येऊन पोहोचतो.

सर्वांत चांगली रीत ती, जिथे कुणाला विचारावेच लागत नाही. अमेरिकेतील शाळांत दुपारचे जेवण गरीब मुलांना फुकट किंवा कमी दरात मिळते आणि कोण फुकट जेवते हे उघड होऊ नये असे कायद्यानेच बंधन आहे. २०१० सालच्या कायद्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. गरीब वस्तीतील शाळेला सगळ्याच मुलांना फुकट जेवण देता येते, घरोघरचे फॉर्म भरून न घेता. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, तोही शाळेतील प्रत्येक मुलासाठी. खिचडीच्या रांगेत उभे राहणाऱ्या मुलाला ‘मी गरीब आहे’ असे सांगावे लागत नाही. ओरिएंटेशनसारख्या सक्तीच्या गोष्टीची फी मुळात वेगळी घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जे टाळता येत नाही ते शिक्षणाचाच भाग आहे. त्याचे वेगळे तिकीट कशाला? आपल्याकडे यूजीसीने २०१९ साली ‘दीक्षारंभ’ नावाने नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागतवर्गाची मार्गदर्शिका काढली. त्याची वेगळी फी सहसा घेतली जात नाही, हे चांगलेच आहे. मात्र फी माफीच्या जागेवर बसलेल्या मुलालाही शिकवणी-फी सोडून बाकीची फी भरावी लागते. विकास निधी, परीक्षा, ग्रंथालय, अनामत अशा नावांनी ती येते आणि प्रवेशाच्या खिडकीवर बापाच्या हातातली रक्कम नेमकी तेवढ्याने कमी पडते.

आता आपल्या घरचे. दरवर्षी जूनमध्ये गावोगावी वह्यावाटप होते. मोठा फलक लागतो, पाहुणे व्यासपीठावर बसतात, मुलांची नावे ध्वनिक्षेपकावर पुकारली जातात आणि प्रत्येक मूल पाहुण्यांच्या हातून सहा वह्या घेताना कॅमेऱ्याकडे पाहते. हल्ली तो फोटो संध्याकाळपर्यंत साऱ्या मोबाइलवर फिरतो. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. पण आठवीतल्या मुलीला तो फोटो वर्गातल्या मुलींनी पाहिलेला नको असतो आणि पुढच्या वर्षी ती यायचे टाळते. मग आपण म्हणतो, आता गरीब कुणी उरले नाहीत, वह्या शिल्लक राहिल्या.

संत विन्सेंट द पॉल सोसायटीची सुरुवात १८३३ साली पॅरिसमध्ये झाली ती वीस वर्षांच्या फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांकडून. तीही कॉलेजची मुलेच होती. त्यांनी गरिबांना बोलावून रांगेत उभे केले नाही; ते त्यांच्या घरी गेले. घरी जाऊन बसले, की फॉर्मवर न मावणारे पुष्कळ काही कळते आणि खोट्या दाखल्याचीही फारशी गरज उरत नाही. आपल्या धर्मग्रामात शिक्षणासाठी जी मदत दिली जाते, तिच्या बाबतीत आम्हाला तीन सूचना कराव्याशा वाटतात. मदत घेणाऱ्यांची नावे चर्चमध्ये वाचू नयेत आणि फोटो काढू नयेत. फॉर्मवर ठरवण्यासाठी लागते तेवढेच विचारावे. सुनेचे माहेर आणि घरातील दागिने हे रकाने काढून टाकावेत. आणि शिकवणीची फी माफ झालेल्या मुलांनाही अर्ज करता यावा, कारण उरलेल्या फीसाठी त्यांच्याकडे दुसरे दार नसते.

ज्या घरात यंदा प्रवेशाची धावपळ आहे त्यांनी निकालाची वाट न पाहता आत्ताच कॉलेजच्या माहितीपत्रकातील फीचे पान नीट वाचावे आणि माफ होणारी फी कोणती, भरावी लागणारी कोणती, हे कागदावर दोन बाजूंना मांडून पाहावे. दुसऱ्या बाजूची बेरीज आवाक्याबाहेरची वाटली तर तोच कागद पाकिटात घालून, वर फक्त घरचा फोन नंबर लिहून, फादरांच्या कार्यालयात द्यावा. पुढचे बोलणे घरी येऊन होईल.